सदतीस अंगठे

विमलकाकूंच्या माडीवरच्या खोलीत भर दुपारी शिवम बिराजदार डावा अंगठा शाईच्या पॅडवर दाबून बसला होता. समोर एक लग्नपत्रिका उलगडून ठेवलेली होती. पत्रिका त्याच्या लग्नाची नव्हती. त्याचं नशीब अजून तिथवर पोचलं नव्हतं.

शिवम लातूरच्या एका कॉलेजात समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याच्या लघुप्रबंधाचं नाव होतं 'ग्रामीण कुटुंबप्रमुखांमधील तंबाखूसेवन : एक अभ्यास'. साठ कुटुंबप्रमुखांना प्रत्यक्ष भेटायचं, प्रश्नावली भरून घ्यायची आणि खाली त्यांची सही घ्यायची, असं ठरलेलं होतं. मार्गदर्शक मालविका मॅडम वर्षभर एकच वाक्य सांगत होत्या, "शिवम, घरात बसून संशोधन होत नाही. चपला झिजल्या पाहिजेत."

चपला झिजवायला तो गेला नव्हता असं नाही. शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या आपल्या गावी जाऊन तो चार दिवस दारोदार फिरला. पण गावातला माणूस प्रश्नावलीतल्या क्रमाने उत्तरं देत नाही. "तंबाखू खाता का?" असं पहिल्याच म्हाताऱ्याला विचारलं, तर त्याने "हाव. मळू का तुला बी?" म्हणत चंची काढली. दुसऱ्याने विचारलं, "ह्याचं अनुदान कधी येतंय?" तिसऱ्याने तंबाखूवरून सुरुवात करून भावकीतल्या बांधाच्या भांडणापर्यंत सगळं सांगितलं आणि तीन वेळा चहा पाजला. चार दिवसांत शिवमच्या हाती तेवीस प्रश्नावल्या आणि जोरदार पित्त एवढंच लागलं. तो लातूरला परत आला.

आता उद्या बारा वाजता प्रबंध द्यायचा होता. सदतीस प्रश्नावल्या कोऱ्या होत्या. आणि प्रबंध अडला की निकाल अडणार होता. नांदेडच्या एका आरोग्य संस्थेने त्याला नोकरीसाठी निवडलं होतं, पण एक जुलैला निकाल घेऊन हजर व्हा, नाहीतर दुसरा उमेदवार बघू, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. गावी त्याच्या वडिलांनी, शेषेरावांनी, "पोरगं दवाखान्याच्या लायनीत लागलं" असं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. दोघंजण तर रक्ताचे रिपोर्ट घेऊन घरी येऊनही गेले होते.

अशा वेळी त्याची नजर टेबलावरच्या पत्रिकेवर पडली. घरमालकीण विमलकाकूंच्या भोकरकडच्या पुतण्याचं लग्न होऊन महिना झाला होता. "जेवायला तर ये," म्हणून काकूंनी पत्रिका दिली होती आणि शिवम गेला नव्हता. आपल्याकडची पत्रिका म्हणजे काय, हे सांगायला नको. नवरानवरीची नावं शोधावी लागतात, बाकी सगळी भावकी असते. प्रेषक, निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, आजोळची मंडळी. एक नाव राहिलं तर पुढची दहा वर्षं बोलणं बंद. शिवमने मोजलं तर एकशे अठरा नावं भरली.

"भोकरचं कोण लातुरात बघायला येतंय?" तो स्वतःशीच म्हणाला आणि त्याने सगळ्यांना एका झटक्यात आपल्या गावचं रहिवासी केलं.

एरवी शिवम प्रामाणिक पोरगा होता, आणि ते या कामातही दिसलं. नावापुढे 'कै.' असलेली माणसं त्याने कटाक्षाने सोडली. गेलेल्या माणसाला व्यसन लावणं त्याला पटेना. तळाशी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली सोडली. नावांपुढचे 'ॲड.', 'इंजि.', 'प्रा. डॉ.' मात्र काढून टाकावे लागले, कारण गावातल्या शेतकऱ्यांत एवढे वकील-प्राध्यापक शोभले नसते. राहिला प्रश्न सह्यांचा. सदतीस तऱ्हेच्या सह्या करणं काही त्याच्या हाताला जमेना. मग त्याने सदतीसच्या सदतीस जणांना निरक्षर करून टाकलं आणि शाईचं पॅड काढलं. एकाला डावा अंगठा, दुसऱ्याला उजवा.

प्रबंध वेळेत गेला. पहिल्या पानावर 'सर्व माहिती मी स्वतः प्रत्यक्ष भेटीतून गोळा केली आहे' या प्रतिज्ञेखाली शिवमची सही होती आणि 'सर्व प्रश्नावल्या तपासल्या आहेत' या प्रमाणपत्राखाली मालविका मॅडमची. मॅडमकडे असे बावीस विद्यार्थी होते. त्यांनी सगळ्या सह्या एका दमात केल्या होत्या.

तोंडी परीक्षेला नांदेडहून बाहेरचे परीक्षक आले. कोण येणार हे कॉलेजात शेवटपर्यंत कुणी सांगत नसे. पंचावन्न-छपन्नचे, जाड चष्म्याचे, शांत गृहस्थ होते. प्रबंध चाळताना उजव्या अंगठ्याने डाव्या तळव्यावर उगाच काहीतरी मळल्यासारखं करायची त्यांना सवय दिसली. तळव्यावर काहीच नव्हतं. शिवमने ते पाहिलं आणि सोडून दिलं.

सरांनी शेवटून सुरुवात केली. परिशिष्टात उत्तरदात्यांची यादी होती, ती ते वाचू लागले. वाचता वाचता थांबले. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं. मग शिवमकडे पाहून अगदी गोड आवाजात म्हणाले, "स्रोत कोणता वापरलास?"

"प्राथमिक स्रोत, सर. प्रत्यक्ष मुलाखती."

"सगळ्यांना भेटलास?"

"हाव सर. एकेकाच्या घरी गेलो."

"हे एक्केचाळीस नंबर. भीमाशंकर चंद्रप्पा बारडकर. यांना?"

"यांना शेतात भेटलो सर. तीन एकर कोरडवाहू हाय त्यांना."

"शिक्षण?"

"शाळेचं तोंड न्हाई बघितलं सर." एवढं बोलून शिवमला त्या माणसाची दया आली. "पर माणूस हुशार वाटला."

"वाटला ना?" सरांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. "तंबाखूचं काय म्हणाले?"

"तीस वर्षं खातेत. दिवसातून आठ वेळा. घरी कुणाला पत्ता न्हाई लागू दिला. बायकोला लई भेतेत सर."

सरांचा तळव्यावर फिरणारा अंगठा थांबला. मालविका मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "शिवमचं फील्डवर्क खरंच चांगलं आहे सर. माणसं त्याच्याशी फार मोकळं बोलतात."

"हो, मनातलंसुद्धा बोलतात," सर म्हणाले.

तेवढ्यात शिपाई हजेरीपत्रक घेऊन आला. मॅडमनी ते सरांपुढे सरकवलं. "भीमाशंकर सर, इथं तेवढी सही. पूर्ण नाव लागेल, बारडकरसकट."

शिवमची नजर एक्केचाळीस नंबरावर खिळली. पंखा चालू असून त्याला दरदरून घाम फुटला.

सरांनी पेन उचललं, मग खाली ठेवलं. "सही करू मॅडम, की अंगठा देऊ? माझा अंगठा तसा तुमच्या कॉलेजकडे आहेच."

मॅडमना काही कळेना. सरांनी प्रश्नावल्यांचा गठ्ठा उघडून एक्केचाळीस नंबर त्यांच्यापुढे धरला. मग चाळीस नंबर काढला. "आणि हे चंद्रप्पा बारडकर, माझे वडील. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. निम्मं भोकर त्यांच्या हाताखाली शिकलं. ते इथं निरक्षर आहेत आणि दिवसाला तीन पुड्या खातात. माझ्या वडिलांनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही." ते शिवमकडे वळले. "महिन्यापूर्वी माझ्या भाच्याचं लग्न झालं. त्या पत्रिकेत नावं याच क्रमाने आहेत. पत्रिका कुठं मिळाली तुला?"

"घरमालकीण काकूंकडं," शिवम कसाबसा म्हणाला. "सर, चूक झाली. पहिले तेवीस खरे हायेत सर, देवाशपथ. पुढचे सगळे मी बसल्या जागी भरले."

"मग निदान संदर्भसूचीत पत्रिका तरी लिहायची. उचलेगिरीलाही काही पद्धत असते."

मालविका मॅडमचा चेहरा लाल झाला. "शिवम! मी काय सांगत होते वर्षभर? तुला लाज वाटायला हवी!"

"मॅडम," सर हळूच म्हणाले, "या प्रमाणपत्राखाली सही तुमची आहे. सदतीस माणसांचे मिळून दोनच अंगठे आहेत. एकदा चाळलं असतं तरी दिसलं असतं."

मॅडमनी प्रमाणपत्राचं पान उलटून टाकलं. शिवमच्या डोळ्यांत पाणी आलं. नोकरी तर गेलीच, पण वडिलांनी आता गावात काय सांगायचं, हेच त्याच्या डोक्यात फिरत होतं. रडत रडतच त्याने ते सरांना सांगून टाकलं, रक्ताच्या रिपोर्टांसकट.

सरांनी गठ्ठा बंद करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "नापास करायला मला एक मिनिट लागेल. पण त्यानं माझे वडील साक्षर होणार नाहीत. गुण पाठवायला मला पंधरा दिवस आहेत. ज्यांची नावं घेतलीस त्या सगळ्यांकडे जा. आधी काय केलंस ते सांग, माफी माग आणि मग प्रश्न विचार. मॅडम अभ्यासक्षेत्रात भोकर तालुका घालायची परवानगी देतील."

"देते," मॅडम लगेच म्हणाल्या.

"आणि सर, एक्केचाळीस नंबर?" शिवमने डोळे पुसत विचारलं.

"त्यालाही विचार. रविवारी तो घरी असतो."

पत्रिकेवर नावं एकशे अठरा होती, पण पत्ता एकच होता, मंगल कार्यालयाचा. शिवमला विमलकाकूंकडे जावंच लागलं. "लग्नाला जा म्हणलं तवा गेला न्हाईस, आता मांडव निघाल्यावर कशाला जातूस?" काकूंनी विचारलं. खरं सांगायची लाज वाटून शिवम एवढंच म्हणाला, "थोडी घरोघरची माहिती काढायची हाय काकू." काकूंनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं, गालात हसल्या आणि आत जाऊन भोकरला फोन लावला.

त्याचा परिणाम शिवमला भोकरला पोचल्यावर कळला. पहिलंच घर बसवराजअप्पांचं होतं, प्रबंधातले सव्वीस नंबर. अंगणात सडा घातलेला, ओट्यावर नवी सतरंजी. अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. शिवम बसतो न बसतो तोच शिरा आला. पाठोपाठ चहाचा ट्रे घेऊन एक मुलगी आली आणि ट्रे ठेवून त्याच्याकडे रोखून बघत उभी राहिली.

"ही आमची तनुजा," अप्पा म्हणाले. "फार्मसीला हाय. तुमच्याबद्दल विमलताईनं सगळं सांगितलंय. काय माहिती काढायची ती मोकळ्या मनानं काढा."

शिवमने घाबरत प्रश्नावली काढली. "अप्पा, तुम्ही तंबाखू खाता का?"

"आमच्या घराण्यात? वासबी न्हाई!" अप्पांचा डावा गाल फुगलेला होता आणि बोलताना ते ओठ जपून उघडत होते. "निर्व्यसनी खानदान हाय. कुणालाबी इचारा."

शिवमला हळूहळू उलगडा झाला आणि हातातला शिऱ्याचा चमचा तसाच राहिला. "अप्पा, तुमचा गैरसमज झालाय. मी पोरगी बघायला न्हाई आलो. मी तंबाखू बघायला आलोय." मग त्याने पत्रिका, अंगठे आणि परीक्षा असं सगळं सांगितलं आणि उठून अप्पांच्या पाया पडला.

अप्पांनी शिऱ्याच्या ताटलीकडे पाहिलं. तनुजा मात्र फसकन हसली. "बरं झालं! मला बी अजून शिकायचंय," म्हणत ती आत पळाली. अप्पांनी अंगणाच्या कडेला जाऊन तोंड मोकळं केलं. "आधी सांगायचं ना बाबा! अर्धा तास झालं तोंडात धरून बसलोय." मग आरामात मांडी घालून त्यांनी पंचवीस वर्षांचा हिशेब दिला, आणि घरच्यांना माहीत आहे का, या प्रश्नाला आवाज उतरवून म्हणाले, "छ्या! कुणालाच न्हाई."

मग घरोघरी हेच झालं. आधी शिरा किंवा पोहे, मग निर्व्यसनी खानदान, मग माफी आणि शेवटी खरं. काहीजण चिडले. एकाने "मला अडाणी केलंस का रे?" म्हणून दाराबाहेर काढलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच निरोप पाठवून बोलावून घेतलं. म्हाताऱ्या चंद्रप्पागुरुजींनी त्याला समोर बसवून शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या आणि प्रश्नावलीवर अशी वळणदार सही केली की शिवम बघतच राहिला. या वेळी त्याला पित्त झालं ते गोडाचं. पण नऊ दिवसांत छत्तीस प्रश्नावल्या भरल्या, आणि तिसऱ्या दिवसानंतर हे काम आपल्याला आवडायला लागलंय, हे त्याचं त्यालाच जाणवलं. घरी बसून त्याने या सगळ्यांना एकच कारण दिलं होतं, 'ताणतणाव'. इथे एकजण पाण्याच्या पाळीला जागताना शिकला होता, एकाला दाढदुखीवर कुणीतरी औषध म्हणून दिली होती, आणि एकजण नुसता मित्राला सोबत म्हणून बसला तो अजून उठला नव्हता.

रविवारी सकाळी तो नांदेडला बारडकर सरांच्या घरी गेला. सर बैठकीत पेपर वाचत होते. त्यांच्या पत्नी रेणुकाबाई पलीकडे चटईवर मेथी निवडत बसल्या होत्या. शिवमने छत्तीस प्रश्नावल्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. सरांनी एकेक पाहिली. वडिलांच्या सहीवर त्यांनी बोट फिरवलं. "छान," ते म्हणाले. "आता विचार मला."

"सर, तुम्ही तंबाखू खाता का?"

"नाही."

शिवमने 'नाही' लिहिलं. पुढच्या प्रश्नांवर रेघ मारली आणि सहीसाठी कागद सरांपुढे धरला. सहीच्या वर एक ओळ छापलेली होती, 'वरील माहिती खरी आहे'. सरांनी पेन टेकवलं आणि ते तिथेच थांबलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. मेथी निवडणारे हात आपले चालूच होते.

"शिवम," सर अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "ते पहिलं खोड."

"काय लिहू सर?"

"हो लिही."

"किती वर्षं?"

"तीस."

"दिवसातून?"

"सात... आठ धर."

शिवमने लिहिता लिहिता सरांकडे पाहिलं. बसल्या जागी भरलेला एक्केचाळीस नंबर ओळीने खरा निघत होता. त्याने चाचरत पुढचा प्रश्न विचारला, "घरच्यांना माहीत हाय का?"

"नाही," सर कुजबुजले.

"आहे म्हणून लिही रे बाळा," मेथीकडून आवाज आला.

सरांचं पेन खाली पडलं. रेणुकाबाईंनी मान वर केली नव्हती. "लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर संशोधन पद्धतीचं ते जाड पुस्तक आहे ना, त्याच्या मागं पुडी असते. पुस्तक काही कधी उघडलेलं दिसलं नाही, पण मागं मात्र रोज हात जातो."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" आता त्यांनी मान वर केली. "सुरुवातीला चार वेळा विचारलं. तुम्ही दर वेळी म्हणालात, मी खात नाही. जो माणूस खातच नाही त्याला सोडा कसं म्हणायचं? तीस वर्षं त्या फळीवरची धूळ पुसतेय आणि पुडी परत जागच्या जागी ठेवतेय." त्यांनी मेथीची जुडी उगाच दोनदा झटकली.

सरांनी पडलेलं पेन उचललं. दहा-बारा दिवसांपूर्वी परीक्षेच्या खोलीत शिवम जसा बसला होता, तसे ते आता बसले होते, आणि शिवमला त्यांची खरोखर कणव आली. त्याने 'नाही' खोडून 'आहे' केलं. घरी बसून भरलेल्या कागदात तंबाखूचं तेवढं एकच उत्तर चुकलं होतं.

"शेवटचा प्रश्न राहिलाय सर," तो हळूच म्हणाला. "तंबाखू सोडण्याचा प्रयत्न केला हाय का?"

सरांनी एकदा बायकोकडे पाहिलं. मग उठून कपाटापाशी गेले, जाड पुस्तक बाजूला केलं आणि मागची पुडी काढून चटईवर, मेथीच्या काड्यांच्या ढिगावर ठेवली. परत येऊन त्यांनी कागदावर सही केली, पूर्ण नावाची.

"गुण उद्या पाठवतो. एक तारखेला कामावर हजर हो," ते म्हणाले. "आणि तो शेवटचा प्रश्न रिकामा ठेव. महिन्याभराने ये, विचार आणि मग भर."

"हाव सर."

"आणि मला एकट्याला विचारू नकोस," त्यांनी चटईकडे हात केला. "ह्यांनाही विचार. मनानं काही भरू नकोस."